पेटीतली काळी चार

दीपिकाने डोळे मिटले, एक हात कानाशी नेला आणि पेटीतून आपला षड्ज येण्याची वाट पाहिली. तो आलाच नाही. पेटीतून नुसती हवा फुसफुसली.

नानाजींनी प्रसन्नपणे मान डोलावली आणि तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा हवा. समोरच्या साठ-सत्तर माणसांतून कुणीतरी खुदकन हसलं आणि विक्की माईक घेऊन धावला.

इरई धरणाच्या पाण्यात मधोमध उभ्या असलेल्या बोटीवर हे घडलं. वेळ दुपारी पावणेदोनची. विक्कीने यंदा पहिल्यांदाच हा घाट घातला होता. दुमजली सपाट बोट भाड्याने घ्यायची, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांतले गायक-वादक तिच्यावर चढवायचे आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच लोकांना पाण्यावर फिरवत गाणं ऐकवायचं. कल्पना झकास होती. फक्त चालत्या इंजिनाच्या घरघरीत गाणं नीट ऐकू येत नाही, हे त्याच्या लक्षात बोट निघाल्यावर आलं. सकाळचा कार्यक्रम तसाच पार पडला. दुपारी मात्र त्याने इंजिन बंद करायला लावलं होतं.

पेटी उघडली अल्ताफने. चंद्रपुरात त्याचं साज दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे, आणि दिवसभराच्या कार्यक्रमात काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून विक्कीनेच त्याला बोटीवर बोलावलं होतं. त्याने वरचं झाकण काढलं, पट्ट्या उचलल्या, आतली फळी उलटी केली आणि एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मधल्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा, म्हणजे काळी चारचा, पितळी सूर, हवेने थरथरून वाजणारी ती जीभ, जागेवर नव्हता. नानाजींची पेटी जुनी, एकेरी सुरांची. एक सूर गेला की ती पट्टी मुकी.

"सकाळी तं होता," नानाजी म्हणाले. "मी सोताच वाजवला."

झालं. सकाळी होता आणि आता नाही, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत गेला. त्या सुट्टीत सगळे वरच्या मजल्यावर जेवत होते आणि पेटीजवळ एकटा अल्ताफ डबा खात बसला होता. विक्कीने त्याची पिशवी उलटी केली. त्यातून पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, निघाला आणि कागदात गुंडाळलेले चार-पाच जुने सूरही. ते दुसऱ्या मापाचे होते, या पेटीत बसणारे नव्हते, पण ते कोण ऐकून घेतो? विक्कीच्या हातात माईक होता. जुन्या पेट्यांतले जर्मन सूर आता मिळत नाहीत, दुरुस्तीवाल्यांचा त्यांच्यावर डोळा असतो, आणि आमच्याच माणसाने आमच्या नानाजींचा सूर चोरला, असं त्याने सगळ्या बोटीला ऐकवलं.

बोटीवर वडसा, मूल, सिंदेवाही, नागभीड अशा सगळीकडच्या नाटकमंडळ्यांची माणसं होती. पाच वाजता बोट मोहर्लीच्या काठाला लागली की ही बातमी गावोगाव जाणार होती.

साधना खालच्या मजल्यावर मागच्या कठड्याशी एकटीच उभी होती. चंद्रपुरात ती खासगी तपासाचं काम करते. निम्मी कामं लग्नाआधीच्या चौकशीची, म्हणजे दुसऱ्यांच्या संसाराआधी त्यांच्या कुंडल्या बाहेर काढायच्या आणि आपल्या खोलीत येऊन एकटीने खिचडी खायची. आज ती शेजारच्या लटारूभाऊंबरोबर आली होती. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून स्वतःला तिचे सहायक समजतात. त्यांच्या मुलीने पुण्याहून दोन तिकिटं पाठवली होती. आई जाऊन दोन वर्षं झाली हे तिला माहीत होतं, पण एकच तिकीट पाठवायचा धीर झाला नसावा.

लटारूभाऊ अल्ताफला घेऊन आले ते साधनाची ओळख जरा जास्तच मोठी करून देत. अल्ताफचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मॅडम, माझ्या अब्बांनी, कमरुद्दीनमिस्त्रींनी, चाळीस साल याच पेटीचे सूर लावले," तो म्हणाला. "लोक आपला साज आमच्याजवळ सोडून जातात. रसीद नाई, काही नाई. आजपासून कोन सोडन? पाच वाजेपर्यंत काही करता आलं तं करा. नंतर करून काई फायदा नाई."

सव्वादोन झाले होते. साधनाने आधी पेटी पाहिली.

सूर दोन बारीक स्क्रूंनी फळीवर बसवलेला असतो. सूर गेला होता, पण दोन्ही स्क्रू आपापल्या भोकांत नीट परत पिळलेले होते. त्यांच्या डोक्यांवर मात्र ओरखडे होते, खाचेतून एखादं अवजार घसरावं तसे. शेजारच्या सुरांचे स्क्रू गुळगुळीत होते. अल्ताफचा पेचकस तिने खाचेत धरून पाहिला. तंतोतंत बसला. नानाजींच्या पेटीच्या कप्प्यातही एक पेचकस होता, तोही तसाच बसला.

"स्क्रू परत काऊन लावले असन?" लटारूभाऊंनी विचारलं.

"आत सुटे पडले तर खडखडतात. फळीला इजा होते," अल्ताफने सांगितलं.

काल संध्याकाळी पेटी जुळवून तो स्वतःच मोहर्लीच्या मुक्कामाच्या जागी घेऊन गेला होता. नानाजींनी तिथेच बसून पट्ट्यांवरून हात फिरवला, लाकडावर तळवा ठेवून भाता हलवला आणि बेस्ट म्हणाले. अल्ताफला जरा वाईट वाटलं होतं, कारण त्याचे अब्बा होते तेव्हा हेच नानाजी एकेका सुरासाठी तासभर हुज्जत घालायचे. मग पेटी जुन्या गायिका कमळाबाईंच्या खोलीत ठेवली, कारण कुलूप तिथल्याच दाराला होतं. सकाळी बाईंनीच ती बोटीवर पाठवली.

दीपिका वरच्या मजल्यावर रुसून बसली होती. ती वडशाच्या मंडळीतली नवी नायिका, सकाळी थेट गाडीने धक्क्यावर आलेली. कुणीतरी मुद्दाम तिच्यावर डाव टाकला, अशी तिची खात्री होती.

"काळी चार माझा सा आहे, ताई. माझं गाणं तिथूनच सुरू होते. ज्याने काढला त्याने मलेच पाडाले काढला."

बोटीवर तिचं गाणं कुणाला खुपत होतं, असं साधनाने विचारलं. दीपिकाने खांदे उडवले आणि नजर कमळाबाईंकडे जाऊ दिली. मग स्वतःच म्हणाली की बाईंना कशाला खुपेल, त्यांची पट्टी काळी एक, आणि त्यांचं गाणं तर सकाळीच झालं. जेवणाच्या सुट्टीत त्या सगळ्यांच्या मधे बसल्या होत्या, पेटीजवळ फिरकल्याही नव्हत्या.

नानाजी पेटीशेजारीच बसून होते. उंच, हडकुळे, पांढऱ्या सदऱ्यातले. दिवाळीनंतर चार-पाच महिने नाटकं आणि उरलेले महिने मूलच्या राईस मिलमध्ये काम, असा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. साधना समोर चहाचा ग्लास घेऊन बसली. त्यांनी तिच्या प्रत्येक प्रश्नाला सावकाश, नीट उत्तर दिलं. सूर सकाळी होता यावर ते ठाम होते. अल्ताफचं नाव निघालं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण मग दुसरं कोण, असंही ते म्हणाले. शेवटी साधनाने ग्लास ओठांशी नेत विचारलं की कमळाबाईंना किती वर्षं साथ करताय. नानाजी हसले आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"माणूस चांगला हाये," उठल्यावर लटारूभाऊ म्हणाले. "तोंडाकडे पाहून बोलते. आमच्या टर्बाइनवाल्यायसारखा."

साधनाने चालता चालता थांबून त्यांच्याकडे पाहिलं. लटारूभाऊंना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

कमळाबाई बोटीच्या पुढच्या टोकाला लाकडी बाकावर बसल्या होत्या. पाण्यात बुडालेल्या जंगलाची वाळकी खोडं समोर उभी होती आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. बाई सत्तरीच्या. एकेकाळी त्यांचं नाटक लागलं की पोंभुर्ण्यापासून आरमोरीपर्यंतचे लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आता पोंभुर्ण्याला एकट्या राहतात. मांडीवर पानसुपारीची चंची उघडी होती. टोक वाकलेल्या लहानशा चाकूने त्या पानाला चुना लावत होत्या, आणि चुना पानावर कमी, बोटांवर जास्त लागत होता.

साधनाने पेटीबद्दल विचारलं तसा बाईंचा स्वर मऊ झाला. जुन्या दिवसांत एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना पेटीत धूळ जायची.

"सूर काढून पुसाचं काम माहंच राहे," त्या म्हणाल्या. "नानाजीचे हात गिरणीत काम करू करू जाड झाले. बारीक काम त्यायले जमे नाई."

"अल्ताफने चोरी केली असेल?"

बाईंनी पान तोंडात टाकलं.

"पोरगा चांगला हाये," एवढंच म्हणाल्या.

साडेतीनला बोटीचं इंजिन पुन्हा सुरू झालं. परतीचा प्रवास लागला. अल्ताफ मागे दोरांच्या वेटोळ्यावर बसला होता आणि त्याच्या आजूबाजूची दहा हात जागा लोकांनी आपोआप मोकळी सोडली होती.

"सकाळचा कार्यक्रम कसा झाला होता, भाऊ? मी तेव्हा वर होते," साधनाने विचारलं.

लटारूभाऊ खुलले. त्यांनी सगळं मोबाईलवर घेतलं होतं, मुलीला पाठवायला. बाईंचं गाणं छानच, पण मधेच कुठेतरी त्या विसरल्या असाव्यात, असं त्यांचं मत होतं. एकाच सुरावर थांबल्या त्या थांबल्याच. बरं, लोकांकडे पाहावं, तर तेही नाही. सारा वेळ नानाजींकडे नजर.

साधनाने मोबाईल कानाला लावून तो तुकडा चार वेळा ऐकला. इंजिनाची घरघर, तबला आणि विजेवर चालणारा तंबोरा, सगळं एकमेकांत कालवलेलं होतं. पाचव्यांदा तिने मोबाईल अल्ताफच्या कानाला लावला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"भाऊ, कमळाबाईंना खाली बोलावता?" साधना म्हणाली. "त्यांना एकट्यांना. विक्कीला नको, नानाजींना तर नकोच."

चार वाजायला आले होते. बाई आल्या आणि चंची मांडीवर घेऊन बसल्या. इंजिनाचा आवाज एवढा होता की दोन पावलांपलीकडे शब्द जात नव्हता.

"बाई, दुपारपासून आम्ही सगळे एकाच वाक्यावर उभे आहोत," साधनाने सुरुवात केली. "सूर सकाळी होता. त्या वाक्यामुळे चोरी जेवणाच्या सुट्टीत झाली आणि अल्ताफ चोर ठरला. पण ते वाक्य एकट्या नानाजींचं. दुसऱ्या कुणीही तो सूर सकाळी ऐकलेला नाही."

"वाजवला ना त्यायनं," लटारूभाऊ म्हणाले.

"पट्टी दाबली. सूर वाजला की नाही, हे त्यांना कळलंच नाही. दुपारीसुद्धा दीपिका थांबली, लोक हसले, आणि हे मान डोलावत तीच पट्टी दाबत राहिले. काल सूर जुळले की नाही हे त्यांनी तळव्याने पाहिलं. मी ग्लास तोंडाशी धरून किती वर्षं म्हणून विचारलं, तर नुसती होकाराची मान हलवली. आणि भाऊ, तुमचे टर्बाइनवाले तोंडाकडे पाहून का बोलतात?"

लटारूभाऊंचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"ऐकू येत नाई म्हणून," ते हळू म्हणाले. "आमच्यातल्या कित्येकायनं रिटायर होईपर्यंत कोणाले पत्ता नाई लागू देला."

"राईस मिलही तशीच. म्हणजे सूर बोटीवर येण्याआधीच गेला होता. रात्रभर पेटी एकाच खोलीत होती. ज्याने काढला त्याला पेटीची माया होती, त्याने स्क्रू परत लावले. पण त्याच्याजवळ पेचकस नव्हता. अल्ताफजवळ आहे, नानाजींजवळ आहे, त्यांच्या हातून ओरखडे आले नसते. काढणाऱ्याला पेटीच्या कप्प्यातला पेचकस सहज घेता आला असता, पण सवय दुसऱ्याच अवजाराची असेल तर तो शोधायचं सुचत नाही."

बाईंनी चाकूकडे पाहिलंही नाही. "नाटकाच्या मोसमात मी यानंच सूर काढत होतो," त्या म्हणाल्या. "तवा टोक सरळ होतं."

"आणि दीपिकाचा सा तो तुमचा पंचम, म्हणजे प. काळी एकवरून गाणाऱ्याचा पंचम काळी चारवरच येतो. गाण्यात तुम्ही त्याच सुरावर थांबलात आणि लोकांकडे नाही, नानाजींकडे पाहत राहिलात. तंबोऱ्यात पंचम होता, वरून इंजिन, त्यामुळे बाकी कुणाला कळलं नाही. लटारूभाऊंच्या मोबाईलमध्ये अल्ताफला कळलं. बाकीच्या सुरांत पेटी आहे, त्या सुरात नाही. दीपिकाशी याचा काही संबंध नाही, बाई. तुम्ही परीक्षा घेत होतात."

कमळाबाईंनी चंचीतून एक घडी केलेलं विड्याचं पान काढलं आणि अल्ताफच्या हातावर ठेवलं. पानात तो पितळी सूर होता.

"दोन साल झाले मले शक होता," त्या म्हणाल्या. "इचारलं असतं तं खोटं बोलले असते. मले त्यायच्या तोंडून खोटं ऐकाचं नव्हतं. वाटलं, पंचमावर थांबतो. येकदा तरी मान वर करतीन, येकदा तरी पट्टीकडे पाहातीन. जेवणाच्या टायमाले परत लावून देईन, कोणाले समजणार नाई. पण हा पोरगा तिथीच जेवाले बसला."

"आणि त्यांनी मान वर केली नाही," साधना म्हणाली.

"हसले माह्याकडे पाहून." बाईंचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र फाटला. "घरी कोणी नाई माह्या. लोकायसाठी गातो म्हणत होतो, पण मी येकाच माणसाच्या कानासाठी गात होतो. बाकीचे टाळ्या वाजवत. हे सांगत, आज निषाद जरा उतरला, आज तान साफ गेली. आता गाऊन सांगू कोणाले?"

अल्ताफने सूर मुठीत धरला. त्याला बाईंचा राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

साधनाने पुढचं टाळलं नाही. अल्ताफचं नाव माईकवरून गेलं होतं, ते माईकवरूनच परत यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर नानाजींचे कान सांगावे लागणार. बहिऱ्या पेटीवाल्याला कोणती मंडळी बोलावेल? उरलेली वर्षं मग मूलच्या घरी भिंतीकडे पाहत काढायची.

"तेच तं," कमळाबाई म्हणाल्या. "म्हणून दुपारी गप बसलो. तवा चुकलंच माहं. पोराले भोगा लागलं." मग त्या अल्ताफकडे वळल्या. "तू सूर बसव. बाकीचं मी पाहातो."

सूर बसवून पेटी लागेपर्यंत साडेचार झाले. मोहर्लीचा काठ दिसू लागला होता. नानाजी पेटीपुढे येऊन बसले होते. बाई सरळ विक्कीपाशी गेल्या, माईक मागून घेतला आणि लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ नानाजींकडे होती.

"सूर मी काढला होता," त्या म्हणाल्या. "अल्ताफचा काई कसूर नाई. नवी पोरगी माह्यापेक्षा चांगली गाते. मले ते सहन झालं नाई. म्हणून तिचा सा काढून ठेवला. सगळ्यायसमोर सांगतो, चोर मी हावो."

बोटीवर कुजबुज उठली. दीपिकाचे डोळे भरले, ती तोंड फिरवून वर निघून गेली. विक्कीने सगळ्यांदेखत अल्ताफचा हात धरून माफी मागितली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने खुर्ची खरकन मागे सारली. माणसं एक एक करून उठू लागली आणि उतरायच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ज्या गळ्यासाठी त्यांनी एकेकाळी गाड्या जुंपल्या होत्या, त्याच्याकडे आता कुणी पाहत नव्हतं.

लटारूभाऊ रागाने काहीतरी बोलायला निघाले. साधनाने त्यांची बाही धरली. आपण खरं शोधलं आणि खोट्याला वाट करून दिली, हे तिला आवडलं नव्हतं. पण बोलण्याचा हक्क तिचा नव्हता.

नानाजींनी यातलं काही ऐकलं नाही. त्यांना माईक हातात घेतलेल्या कमळाबाईंची पाठ तेवढी दिसत होती, आणि काठ जवळ आल्यामुळे उठलेली माणसं. त्यांनी सदरा सारखा केला, भाता उघडला आणि बाईंना काळी एकचा सा दिला.

बाई त्या सुराने दचकल्या. मग सावकाश वळल्या. माईक त्यांनी खाली ठेवून दिला. रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून, नानाजींच्या समोर मांडी घालून त्या बसल्या आणि गाऊ लागल्या. प्रत्येक शब्द ओठांवर नीट दिसेल असा, तोंड पूर्ण उघडून. आवाज थकलेला होता, दोन ठिकाणी चिरकला. पंचमावर त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. नानाजी त्यांच्या ओठांवरची नजर न हलवता वाजवत होते. ऐकायला साधना होती, लटारूभाऊ होते, आणि पिशवी खांद्याला लावूनही जागचा न हललेला अल्ताफ होता.

गाणं संपलं तेव्हा बोट काठाला लागली होती. नानाजींनी भाता मिटला.

"आज आवाज लय मस्त लागला, बाई," ते म्हणाले. "निषादसुद्धा येकदम साफ."

कमळाबाईंनी त्यांना दिसेल अशी मान हलवली आणि चंची आवरायला घेतली.